टाकी फुल, गुडघा अठ्ठावन्न

१२ जानेवारी

प्रिय साडू,

परवा तुमचा फोन आला, त्यात तुमची गाडी लिटरला अठ्ठावीस किलोमीटर देते असं तुम्ही तीनदा सांगितलंत. फोनवरचा आकडा मी आकडा धरत नाही. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. किराणा दुकानदार, भंगारवाले, पेट्रोल पंपांचे मालक, सगळ्यांनी मला तोंडी आकडे दिले आहेत, आणि देताना सगळ्यांचा आवाज तुमच्यासारखाच प्रसन्न असायचा. तेव्हा यापुढे या विषयावर पत्रानंच बोलू. कागदावर सही करून लिहिलेलं नंतर नाकारता येत नाही.

आपण एकाच महिन्यात, एकाच बनावटीची हायब्रिड गाडी घेतली. तुमची लाल, माझी राखाडी. रंगानं पेट्रोल वाचत नाही. मग तुमची अठ्ठावीस देते आणि माझी २३.४१, हे कसं? तुम्ही समोरच्या पडद्यावरचा आकडा वाचता म्हणून. तो पडदा गाडी बनवणाऱ्यानंच बसवलेला आहे. दुकानदाराच्या काट्याची तपासणी त्याच्याच काट्यावर करण्यातला हा प्रकार झाला.

खरं अॅव्हरेज टाकी ते टाकी निघतं. टाकी फुल करायची, पहिल्या ‘टक्’ला थांबायचं, पंपवाल्यानं कितीही आग्रह केला तरी वर थेंब घालू द्यायचा नाही. किलोमीटर वहीत मांडायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच नोझलनं, सकाळच्या गारव्यात पुन्हा पहिल्या ‘टक्’पर्यंत भरायचं आणि भागाकार करायचा. मार्चअखेरपर्यंत दोघांनी वही ठेवू. ज्याचा आकडा कमी, त्यानं दुसरा चांगली गाडी चालवतो असं लिहून द्यायचं. कबूल असल्यास कळवा.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन तारखेला झालं ते तुम्हाला माहीत आहेच. सांधा नवा बसवला आहे. टाके निघाले की रोज फिजिओथेरपीच्या केंद्रात न्यायचं आहे. केंद्र घरापासून १.८ किलोमीटरवर आहे. बाकी सर्व ठीक.

तुमचा,
थोरला साडू


२० जानेवारी

निरीक्षकसाहेबांस सप्रेम नमस्कार,

पत्र मिळालं. पाकीट उघडताना क्षणभर वाटलं, माझ्यावर नोटीसच काढलीत की काय.

अट कबूल. मी तीस वर्षं विमा एजंट होतो साहेब. धडधाकट माणसांना समोर बसवून त्यांच्या मरणाचे फायदे समजावून सांगितलेत. मला भागाकाराची भीती घालू नका. तुमच्या पद्धतीनं, पहिल्या ‘टक्’ला थांबून काढलेला माझा आकडा: २६.७३. आता सांगा, पडद्याची चूक होती की तुमच्या पायाची?

खरं गुपित असं आहे की गाडीवर प्रेम करावं लागतं. सिग्नल लाल दिसला की मी लांबूनच पाय काढून घेतो. गाडी घरंगळत जाते आणि ब्रेक लावताना बॅटरी भरते. तुम्ही गाडी चालवता कुठे, तुम्ही तिची तपासणी करता.

हे वाचून आमची ही स्वयंपाकघरात एवढी का हसते आहे कळत नाही. तिनं लिहायला सांगितलंय की ताईचा व्यायाम चुकवू नका, पहिले दोन महिनेच महत्त्वाचे असतात.

आपला,
धाकटा साडू


४ फेब्रुवारी

प्रिय साडू,

दुसऱ्या टाकीचा आकडा: २५.८८. अडीच किलोमीटरची सुधारणा. ती आपोआप झालेली नाही. तुम्ही प्रतिस्पर्धी असलात तरी शास्त्र लपवू नये म्हणून कशी झाली ते सांगतो.

आधी गाडीतलं वजन काढलं. डिकीत छत्री, सतरंजी, जुनी मासिकं आणि हिचा वॉकर होता. वॉकर एकटाच दोन किलो आठशे ग्रॅम भरला, मी तो काट्यावर घालून पाहिला. आता तो घरातच दाराशी असतो. टायरची हवा आठवड्यातून दोनदा बघतो. एसी बंद. काचा वर, कारण उघड्या काचेतून वारा शिरला की गाडी अडते. वेग ताशी पन्नास, कमी नाही, जास्त नाही. परवा बायपासवर माझ्यामागे बरीच रांग लागली होती. शेवटी एक ट्रकवाला पुढे जाऊन थांबला, खाली उतरला आणि काच वाजवून म्हणाला, “काका, बरं वाटत नाहीये का? कुणाला फोन लावून देऊ?” लोकांना काटकसर ओळखता येत नाही.

पण सगळ्यांत मोठा शोध असा की छोट्या फेऱ्या घातक असतात. इंजिन गार असलं की पहिले तीन-चार किलोमीटर ते नुसतं स्वतःला गरम करायला पेट्रोल पितं. जरा गरम होतंय तोवर मुक्काम येतो. १.८ किलोमीटरच्या फेरीला माझ्या हिशेबानं लिटरला अकरासुद्धा पडत नाहीत. तीन दिवस हिला केंद्रात नेलं आणि वही बघून जीव कळवळला. तेव्हा छोट्या फेऱ्या पूर्ण बंद केल्या आहेत. त्याऐवजी रोज सकाळी एकटाच बायपासनं जाऊन येतो, बासष्ट किलोमीटर. तिकडे काही काम नसतं, पण इंजिन उत्तम तापतं.

हिच्या व्यायामाची गैरसोय नको म्हणून केंद्राकडून व्यायामांचा छापील कागद आणला आणि कपाटावर चिकटवला. घरच्या घरी करता येतं. तिची काही तक्रार नाही.

तुमचा,
थोरला साडू


११ फेब्रुवारी

निरीक्षकसाहेब,

माझा दुसरा आकडा: २७.३७. तुम्ही डिकी रिकामी करा, नाहीतर खिसे रिकामे करून बसा, मी पुढेच आहे.

पण आज चेष्टा थोडी बाजूला ठेवतो. बहिणीबहिणींचं काल फोनवर तासभर चाललं होतं. ताईंनी विचारलं म्हणे, “हे रोज सकाळी एकटेच गाडी घेऊन कुठे जातात, तुला काही बोललेत का?” दोन तास गायब होतात, आणि परत आल्यावर वहीत काहीतरी लिहून गालातल्या गालात हसतात. या वयात असा संशय कुणाच्या वाट्याला येणं मानाचंच म्हणायचं, पण मी तुमची बाजू घेतली. सांगितलं की साहेब बायपासला जातात आणि पेट्रोल वाचवून येतात. ताईंनी फोन परत बहिणीकडे द्यायला सांगितला.

आमच्या हिला एक गोष्ट विचारायची आहे. गुडघा किती अंशांत वाकतो? डॉक्टरांनी सहा आठवड्यांत नव्वद सांगितले होते म्हणे. कागद कपाटावर आहे हे कळलं. गुडघा कुठवर आलाय?

आपला,
धाकटा साडू


१६ फेब्रुवारी

साडूमहाशय,

तुमचे दोन्ही आकडे मी पुन्हा तपासले. २६.७३ आणि २७.३७. एकाचा शेवट तीनवर, दुसऱ्याचा सातवर, आणि दशांशापुढे दोन्हींत दुसरा आकडाच नाही. दुकानदार खोटी नोंदवही लिहायला बसला की त्याचा हात शून्य आणि पाचला बिचकतो, कारण ते आकडे त्याला बनावट वाटतात. मग तो तीन आणि सातच्या आसऱ्याला जातो. अशा वह्या मी पोत्यानं जप्त केल्या आहेत. तेव्हा तुमच्या पंपाच्या पावत्या उलट टपाली पाठवाव्यात.

राहता राहिला गुडघा. गुडघा माझ्या तपासणीच्या कक्षेत येत नाही. तो वाकतो. ही घरात हिंडते-फिरते. दोन घरांतल्या बायकांच्या फोनवरून माझ्या घरची व्यवस्था कशी आहे हे ठरवू नये.

थोरला साडू


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मीच फोडलं. घरच्या टपालाचं मला काही वाटत नाही, मी नर्स आहे, याहून खासगी गोष्टी रोज बघते.

तुम्ही वही बरोबर पकडलीत. आमच्या ह्यांचे सगळे आकडे मनाचे आहेत. गाडी गेले चार महिने मी चालवते. मला रोज पेशंटांच्या घरी जावं लागतं, कुणाची जखम बांधायची, कुणाला इंजेक्शन. आधी हे सोडायला यायचे, पण सिग्नल आला की गाडी घरंगळवत बसायचे, मागचे लोक शिव्या द्यायचे आणि मला उशीर व्हायचा. मी शिकले, लायसन्स काढलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. आता सुट्टीच्या दिवशी हे शेजारी बसतात आणि पडद्याकडे बघून हळहळतात. खरं अॅव्हरेज १७.६ आहे. छोट्या फेऱ्या, गार इंजिन, सगळं तुम्ही म्हणता तसंच. पण माझी प्रत्येक फेरी कुणाच्या तरी दारात जाऊन थांबते.

आता ताईचं. सांधा नवा असला तरी त्याच्याभोवतीचं मांस जुनंच असतं. ते रोज ताणलं नाही तर आखडतं. कपाटावरचा कागद गुडघा दाबत नाही भाऊजी, केंद्रातली मुलगी दाबते. ताई स्वतः दाबणार नाही कारण दुखतं, आणि दुखतं हे ती तुम्हाला सांगणार नाही. बारा मार्चला डॉक्टर बघणार आहेत. तोवर ऐंशीच्या वर गेला नाही तर तिला पुन्हा भूल देऊन गुडघा जोर लावून वाकवावा लागेल. तेही जमलं नाही तर जन्मभर जिना एकेक पायरी, तीही तिरकं होऊन. ही भीती घालत नाही, अशी माणसं मी रोज बघते.

तुम्हाला आकडा लागतो ना, मग घ्या. ताईला पलंगाच्या कडेला बसवा, जमेल तेवढा पाय मागे घ्यायला सांगा आणि कोनमापक लावा. पाय सरळ म्हणजे शून्य, तिथून पुढे मोजायचं. दोन मार्चला मी येते. सत्तर भरला नाही तर ताईला दोन महिन्यांसाठी माझ्याकडे घेऊन जाईन. तिची बॅग भरायला मी आजच सांगितलं आहे.

धाकटी


२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद,

पत्र मिळाल्याबरोबर कोनमापक काढलं. हिला बसवलं, मापलं. १२२ आले. मी खूश झालो. तुम्हाला सगळ्यांना उद्देशून चार कडक ओळींचं पत्र लिहायलाही घेतलं. मग तुझ्या पत्रातली ‘सरळ म्हणजे शून्य’ ही ओळ पुन्हा वाचली. मी उलट बाजूनं मोजलं होतं. एकशे ऐंशीतून वजा केले. अठ्ठावन्न.

तीनदा मापलं. अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न.

ही त्या वेळी खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, “कधीपासून एवढाच वाकतो?” ती म्हणाली, “पहिल्यापासून.” मग बोलली का नाहीस, म्हटलं. तर म्हणाली, “रिटायर झाल्यापासून चार वर्षं तुम्ही तोंड पाडून बसायचात. गाडी आल्यापासून सकाळी शीळ घालत उठता. वहीत अकराचा आकडा लिहिताना तुमचं तोंड असं झालं होतं की मला वाटलं, राहू दे. गुडघ्याचं काय, बघू पुढे.”

मी एकतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम कमी देणाऱ्यांवर खटले भरले. आणि माझ्या घरात नव्वदाला बत्तीस कमी भरत होते, ते मला दिसले नाहीत. मला लाज वाटते. हे लिहून देतो.

वॉकर पुन्हा डिकीत ठेवला आहे. आजपासून सकाळ-संध्याकाळ केंद्रात नेतो. ही टाकी संपेपर्यंत अॅव्हरेज कुठे जाईल ते माहीत नाही, आणि या क्षणी बघायचंही नाही.

एक विनंती. दोन तारखेला अवश्य ये, पण हिला नेऊ नकोस. मला बारा तारखेपर्यंत वेळ दे. बॅग तिनं भरली आहे. दाराशी ठेवली आहे. ती बघितली की मला जेवण जात नाही.

तुझा,
भाऊजी


५ मार्च

निरीक्षकसाहेब,

तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून पत्र. स्वतःचं वजन लपवणाऱ्या गिऱ्हाइकांचे विम्याचे अर्ज भरता भरता मलाच ती सवय लागली असावी. आणि तीन-सात ओळखलेत त्याबद्दल मानलं तुम्हाला. बायको गाडी चालवते हे सांगायला लाज वाटत होती. आता सगळ्यांना सांगतो आणि दारापर्यंत सोडून घेतो, फार आराम आहे.

दोन तारखेला तुमच्याकडून परत येताना आमच्या हिनं अर्ध्या रस्त्यात गाडी कडेला घेतली. माझंच काही चुकलं असणार, म्हणून मी पट्टा नीट लावला. मग म्हणाली, “मी मापलं तेव्हा सत्तर वाचलं होतं. ताईला ठेवून निघायला मीही मोकळी झाले होते. तर हा माणूस चष्मा पुसून वाकला आणि म्हणाला, नाही, एकोणसत्तर आहेत, तुझी नजर वरून पडली.” तुम्हाला ठाऊक होतं की एकोणसत्तर म्हणजे ताई बॅग घेऊन आमच्या गाडीत. तरी बोललात. हिनं बॅग गाडीतून पुन्हा उतरवली ती त्या एका अंशामुळे. म्हणते, जो माणूस स्वतःच्या विरुद्ध एक अंश सोडत नाही, तो ताईला एकही दिवस सोडणार नाही.

पण एक तक्रार आहे, ती ताईंच्या वतीनं. तुम्ही दिवसातून सहा वेळा कोनमापक घेऊन येता म्हणे. चहाआधी आणि चहानंतर वेगवेगळी नोंद करता. केंद्रातल्या मुलीला तुम्ही तिच्या हातांचा जोर किलोमध्ये सांगा म्हणालात, ती रडकुंडीला आली. ‘लिटरला किती अंश’ असा नवीन रकाना काढलाय हे खरं आहे का? ताई फोनवर म्हणाल्या, “आधी यांना गाडी होती तेव्हा मी दुर्लक्षित होते. आता मीच गाडी झाले आहे. कोणतं बरं ते अजून ठरलेलं नाही.”

जरा सबुरीनं घ्या.

आपला,
धाकटा साडू


१५ मार्च

प्रिय साडू,

रकाना होता. ३.१ अंश प्रति लिटरपर्यंत गेलो होतो. हिनं वही काढून घेतली आणि त्या पानावर वाणसामानाची यादी लिहिली, तेव्हापासून बंद आहे. केंद्रातल्या मुलीची माफी मागितली.

बारा तारखेला डॉक्टरांकडे गेलो. ऐंशीच्या खाली भरला असता तर त्याच आठवड्यात भूल द्यायची होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो. बाकाची लांबी वितीनं तीनदा मोजली, तिन्ही वेळा वेगळी आली. दार उघडून नर्सनं आत बोलावलं. डॉक्टरांचं माप शहाऐंशी. मी माझंही लावून पाहिलं, डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण शहाऐंशीच आले. भूल नको, व्यायाम चालू ठेवा म्हणाले. ही हसली आणि मी तिथेच डोळे पुसले. हे तुम्ही धाकटीला सांगणार, तेव्हा मीच सांगून टाकतो.

या टाकीचं अॅव्हरेज: १२.०५. शेवटी पाच आहे, तपासून घ्या.

काल सकाळी मी नेहमीप्रमाणे गाडी बाहेर काढली, वॉकर डिकीत टाकला, दार उघडून धरलं. ही म्हणाली, “वॉकर काढा. आज मी चालत जाणार.” १.८ किलोमीटर. मी म्हटलं, मग मी गाडी घेऊन मागून हळूहळू येतो, बॅटरीवर चालेल, आवाजही होणार नाही. म्हणाली, “मागून कुणी हळूहळू आलेलं मला चालणार नाही. यायचं तर बरोबर या.” गेलो. एक तास चार मिनिटं लागली. तीन ठिकाणी थांबलो, त्यांतला एक थांबा माझ्यासाठी होता. तिथे एका दुकानाच्या पायरीवर बसून हिनं मला जानेवारीपासूनच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. दोन महिने एका घरात राहून यांतली एकही माझ्या कानावर आली नव्हती.

व्यायाम झाल्यावर मी विचारलं, “घरी जाऊन गाडी घेऊन येऊ का?” तर म्हणाली, “तुम्ही दमला असाल तर आणा. मी आपली चालत येते.” मग काय, आलो चालत.

वहीत नोंद करायला बसलो. अंतर ३.६ किलोमीटर, पेट्रोल शून्य. शून्यानं भागता येत नाही. अॅव्हरेजचा रकाना पहिल्यांदाच कोरा सोडला.

रात्रीपासून माझेच गुडघे धरले आहेत. आज सकाळी पलंगावरून उठता येईना, तर हिनं मला कडेला बसवलं, पाय मागे घ्यायला लावला आणि कोनमापक काढलं. चष्मा पुसून तीनदा मापलं. मग धाकटीला फोन लावून पाच मिनिटं दोघी हसत होत्या.

किती भरला ते मी कळवणार नाही.

तुमचा,
थोरला साडू